कुमुदताईंची पुस्तकं आणि मंगळवारची बोय

किस्से कुणी जमवत नाही हो, ते चिकटतात! मासे साफ करून, दोनदा साबण लावून, लुगडं बदलून मी घरात बसलेली असायचे आणि नात म्हणायची, "आजी, तुझ्या कोपराला खवला!" तो कधी उडाला, कुठल्या माशाचा, काही पत्ता नाही. पण उन्हात असा चमकायचा की काढून टाकवत नसे.

कुमुदताईंच्या घरचे किस्से असेच माझ्या अंगाला राहिलेत.

कुमुदताई म्हणजे लहान मुलांची चित्रांची पुस्तकं करणाऱ्या. पानभर चित्र आणि खाली एकच ओळ, तसली. राहायच्या ठाण्याला, नौपाड्यात, दुसऱ्या मजल्यावर. मी चांगुणा, चेंदणीची कोळीण, त्यांच्या दारावर मासे घेऊन जायचे. तिसरा जगन पेंटर, विठ्ठलवाडीचा. दुकानांचे बोर्ड रंगवता रंगवता ताईंची चित्रं काढायला लागलेला. आणि चौथे दातार, डोंबिवलीचे छापखानेवाले, ज्यांच्या घरात कांदासुद्धा चोरून यायचा.

एवढीच आमची कंपनी. ऐंशी सालानंतरची दहा-पंधरा वर्षं. पण काय वर्षं होती!

*

पहिला दिवस सांगते.

ताईंनी तेव्हा चांगली ऑफिसातली नोकरी सोडलेली. कशासाठी, तर पोरांचं पुस्तक काढायचं! नातेवाईक तोंडावर म्हणायचे, "कुमुद, चित्रं रंगवायला कुणी नोकरी सोडतं का?" आणि पुस्तक अजून अर्धं.

मला यातलं काही माहीत नाही. मी आपली शुक्रवारी दारात टोपली उतरवली. दार उघडं. आत फरशीभर चित्रं वाळत घातलेली आणि त्यांच्यामध्ये ताई कोळंबीसारख्या वाकून बसलेल्या. बाजूला जगन, कानाला ब्रश लावून.

सगळ्यात पुढच्या चित्रात एक बोय मासळी होती. आमच्या खाडीतली बोय कशी उडते माहीत आहे ना? पाण्यातून अख्खी वर येते, जणू बाहेर काय चाललंय ते बघायला. ताईंची गोष्ट तीच होती. पुलावरून जाणारी आगगाडी बघायला बोय उड्या मारते.

मी दारातूनच म्हणाले, "ताई, ही बोय मेलेली हाय."

जगन उठलाच. "ओ मावशी, ती नाचतेय! आनंदात आहे ती!"

"नाचतेय कसली? डोळा बघ, आत गेलाय. कल्ले बघ, पांढरे पडलेत. मला कुणी फुकट दिली तरी मी टोपलीत घेनार नाय."

ताईंनी जगनकडे पाहिलं. जगनने फरशीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "ताई, समोर ठेवून काढायला म्हणून बाजारातून आणलेली."

"कधी?"

"मंगळवारी."

"आणि चित्र कधी संपलं?"

"आज सकाळी. पण मंगळवारी ती खरंच चांगली दिसत होती हो!"

ताई इतक्या हसल्या की दोन चित्रांवर पाणी सांडलं.

*

मग त्यांनी मला विचारलं, "चांगुणा, तुला वाचता येतं?"

मी म्हटलं, "नाय. शाळेची पायरी नाय बघितली."

लोक असं ऐकलं की "अरेरे" म्हणतात. ताई टाळी वाजवून म्हणाल्या, "वा! आत ये, बस!"

त्यांची एक पद्धत होती. चित्रांखाली ओळी चिकटवण्याआधी सगळी चित्रं ओळीने मांडायची आणि वाचता न येणाऱ्या माणसाला गोष्ट विचारायची. चित्रांवरून गोष्ट बरोबर सांगितली, तर पुस्तक पास! अडखळली, तर जगनने चित्र पुन्हा काढायचं.

"ज्याला वाचता येतं त्याचा डोळा आधी अक्षरांवर जातो," त्या म्हणाल्या. "चित्र राहतं बाजूला. आणि लहान मुलांना विचारावं तर ती गोळीसाठी छान छान म्हणतात. तू नाही म्हणणार."

आणि मग हसत हसत म्हणाल्या, "फक्त तू शिकू नकोस हं, नाहीतर माझी पंचाईत!"

त्या दिवशी मी नौपाड्यातल्या घरात पहिल्यांदा आत बसले. इतकी वर्षं शंभर दारांवर मासे दिले, पण उंबऱ्याबाहेर. कुणाच्याही घरातला पंखा मी खालून पाहिलेला नव्हता! आता दर शुक्रवारी टोपली फाटकाशी उतरवायची, हातपाय धुवायचे, आणि ताईंच्या पंख्याखाली चटईवर बसायचं. चहा त्यांच्याच कपात. दोन खारी बिस्किटं.

घरी येऊन मी सुनेला सांगितलं, "बाय माझे, आजपासून मी पास-नापास करनारी हाय!"

*

जगनचा एक हात दुकानांच्या बोर्डांतून कधी सुटलाच नाही. काहीही रंगवलं की खाली उजव्या कोपऱ्यात 'जगन आर्ट्स, विठ्ठलवाडी'. हाताची सवयच ती.

दुसऱ्या पुस्तकात हत्ती होता. पुस्तक छापून आलं, ताईंनी उघडलं, आणि हत्तीच्या मागच्या पायावर छान वळणदार अक्षरांत, 'जगन आर्ट्स, विठ्ठलवाडी'! दातारांनी पाहिलं नाही, ताईंनी पाहिलं नाही, आणि मला तर ती नक्षी वाटलेली.

झालं! मुलांना वाटलं तो हत्तीचा पत्ता.

पंधरा दिवसांत एक गृहस्थ दिवा गावाहून पाच-सहा वर्षांच्या मुलीला घेऊन जगनच्या खोलीवर हजर. मुलीने रडून घर डोक्यावर घेतलेलं, हत्तीला भेटायचंच. बाप बिचारा जगनला डोळ्यांनी खुणा करतोय, सांभाळून घ्या म्हणून.

मुलगी म्हणाली, "हत्ती कुठाय?"

जगन पटकन म्हणाला, "हत्ती ना? आंघोळीला गेलाय. सकाळीही केली, आता पुन्हा गेलाय."

मुलीने आ वासला. हत्तीबित्ती विसरली. बापाचा हात ओढून म्हणाली, "बाबा! यांच्याकडे दोनदा पाणी येतं! आपण इथेच राहू या!"

*

डोंबिवलीला पुस्तकांचं प्रदर्शन भरलेलं. ताईंना कोपऱ्यातलं टेबल. मी त्यांच्याबरोबर गेलेले, पुस्तकं मांडायला. टोपली मांडून मांडून माझा हात बसलेला. कुठलं पुढे, कुठलं मागे, ते मला बरोबर कळतं.

तोवर एका प्रकाशकाने ताईंना परत पाठवलेलं. "बाई, चित्रं झाली, पण यात लिहिलंय कुठे?" म्हणून ताईंनी स्वतःच छापायचं ठरवलं. आता ती पुस्तकं खपतात की घरी कपाटावर चढतात, हा प्रश्न.

एक चष्मेवाले साहेब आले. पुस्तक उचललं, उभ्या उभ्या फरफर उलटलं, ठेवलं. "यात वीसच ओळी आहेत. मी दोन मिनिटांत वाचून संपवलं! विकत कशाला घ्यायचं?"

ताईंचा चेहरा उतरला. त्या भांडणाऱ्या नव्हेतच. त्यांच्या वाटणीचंही मीच भांडायचे.

साहेबांची लहान मुलगी टेबलाखाली फतकल मारून बसलेली. मांडीवर तेच पुस्तक. बोट बोयीच्या शेपटीवर, ओठ हलतायत.

मी म्हणाले, "साहेब, तुमचं झालं. पन हिचं अजून तिसरं पान चाललंय. तुम्ही जा पुढे, हिला सोडते मी संध्याकाळी!"

साहेबांनी दोन पुस्तकं घेतली. एक घरी ठेवायला आणि एक, म्हणाले, "हिला इथून उठवताना हे फाटेल ना, म्हणून!"

*

दातारांचं मात्र आमच्याशी एका गोष्टीवरून वाकडं. वास!

एकदा चित्रं तातडीने डोंबिवलीला पोहोचवायची होती आणि जगन तापाने पडलेला. मी म्हटलं, मी जाते, माझी सुक्या बोंबलांची गिऱ्हाइकं आहेतच तिकडे. चित्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळली, वर रद्दी, त्यावर पुन्हा प्लास्टिक, आणि टोपलीत तळाला सपाट ठेवली. अगदी सुरक्षित!

दातारांनी नाकाला उपरणं लावून, दोन बोटांनी चित्रं उचलली. "बाई, ही चित्रं काढलीत की वाळवलीत?"

छापखान्यात एक म्हातारं मांजर होतं. ते यंत्राच्या आवाजाला भिऊन जन्मभर पायरीवर बसलेलं. त्या दिवशी ते उठलं, आत आलं, टेबलावर चढलं, सगळी चित्रं हुंगली, आणि सुरमईचं चित्र तोंडात धरून पळालं! दातार उपरणं सांभाळत मागे. पायरी, गल्ली, देवळाचं आवार! अख्खी गल्ली बघतेय, सोवळे दातार सुरमईसाठी धावतायत!

चित्र मिळालं, पण कोपऱ्याला चार दात.

शुक्रवारी जगनला वाटलं, आता ताई ओरडणार. ताईंनी दातांच्या खुणा माझ्यापुढे धरल्या. मी काही बोलायच्या आत जगनच तापातून उठल्यासारखा ओरडला, "मावशी, आता बोला! ताजी होती ना?"

*

कल्याणच्या एका शाळेत ताईंना बोलावलं, मुलांना गोष्ट सांगायला. आता गंमत बघा, इतकी पुस्तकं लिहिली, पण शंभर पोरं समोर बसली की ताईंचा आवाज कपाटात! दुसऱ्या मिनिटाला पोरं एकमेकांना चिमटे काढायला लागली. ताईंनी मला पुढे ढकललं. "चांगुणा, सांग!"

पुस्तक खेकड्याचं होतं. खेकडा शाळेत जातो, बाई म्हणतात सरळ चाल, आणि शेवटच्या पानावर तो सरळ चालायला शिकतो, सगळे टाळ्या वाजवतात. त्या शेवटच्या पानाला मी छापायच्या आधी, शुक्रवारीच नापास केलेलं. तेवढं एकदाच ताईंनी माझं ऐकलं नव्हतं.

मी लावला माझा बाजारचा आवाज. पोरं गार! पण शेवटचं पान आलं आणि माझी जीभ वळेना. आयुष्यभर खेकडे पकडले, सरळ चाललेला एक पाहिला नाही! मी म्हटलं, "आणि मग काय झालं, खेकडा म्हनाला, बाई, तुम्ही तरी एकदा माझ्यासारखं चालून बघा! बाई तिरक्या चालल्या, आणि अख्खा वर्ग तिरका तिरका घरी गेला!"

एक मुलगी हात वर करून उठली. ताईंना म्हणाली, "बाई, तुमचं पुस्तक चुकलंय. या आजी बरोबर सांगतात."

आणि सगळी शाळा सभागृहातून तिरकी बाहेर गेली. दारात ही कोंडी!

नंतर मोठ्या बाईंनी माझ्यापुढे वही केली, काहीतरी लिहा म्हणून. ताई अभिमानाने म्हणाल्या, "यांना अक्षर येत नाही! म्हणून तर आमची पुस्तकं जमतात!" सगळ्या शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

माझी छाती ही फुगली! लोकांना येणाऱ्या गोष्टीसाठी टाळ्या मिळतात. मला न येणाऱ्या गोष्टीसाठी मिळाल्या!

*

आता माझं पाप ऐका.

नात सोनी पहिलीत गेली आणि घरात मास्तरीण आली. तिला शिकवायला कुणीतरी पाहिजे. भाऊ पळून जायचा, आई चुलीशी, राहिले मी. पाटी माझ्या मांडीवर, पट्टी तिच्या हातात. "आजी, हात पुढे!"

घरात ताईंची सगळी पुस्तकं होतीच, प्रत्येकाची एक प्रत मला मिळायची. गोष्टी पाठ. मी बोट फिरवत घडाघडा म्हणायचे. सोनी पट्टी आपटायची, "तू वाचत नाहीयेस! तू आठवतेयस!" म्हणून ती मला मासे गुंडाळायच्या रद्दीवर बसवायची. आणि एक दिवस काय झालं कुणास ठाऊक, ती अक्षरं आपोआप बोलायला लागली! जाळं ओढताना आधी नुसतं जड लागतं आणि मग एकदम चमचम वर येते ना, तसं!

मग मला वेडच लागलं. बाजारात बसून मी रद्दी वाचायचे. गिऱ्हाईक ओरडायचं, "अहो मावशी, पापलेट द्या ना!"

"थांब गो बाय, खून कुनी केला तेवढं बघू दे!"

पण नौपाड्यात तोंड बंद. ताईंना कसं सांगणार? वाचता येत नाही म्हणून तर मी आत बसत होते! वाचता आलं की मी नुसती मासेवाली. परत उंबऱ्याबाहेर. पंखा गेला, कप गेला, पास-नापास गेलं! सोनीला शपथ घातली. तोंड मिटून शुक्रवारी निघाले.

ताईंच्या इमारतीच्या फाटकावर एक बोर्ड होता. निळ्यावर पांढरी अक्षरं. बारा वर्षं मी टोपली त्याच बोर्डाखाली टेकवायचे, सावली चांगली पडते म्हणून. त्या दिवशी टोपली उतरवली, मान वर केली, आणि अक्षरं बोलली:

'या इमारतीत मासे विकण्यास सक्त मनाई आहे.'

बारा वर्षं! आणि ज्या सेक्रेटरींच्या सहीने तो लागलेला, त्यांना दर रविवारी सरंगा मीच द्यायचे!

पण खरी गंमत खाली, उजव्या कोपऱ्यात. बारीक, वळणदार.

'जगन आर्ट्स, विठ्ठलवाडी.'

वर गेले. समोर जगन बसलेला, खारी खात. असं वाटलं विचारावं त्याला धरून! पण विचारलं असतं तर ते वाचलं कुणी? मी गप्प बसून चहा प्यायले. तो चहा मला अजून आठवतो.

*

त्यानंतर शुक्रवार म्हणजे कसोटी. चित्राखाली ओळ असली की नजर आपोआप खाली घसरायची. मी ती उनाड वासरासारखी ओढून वर बांधायचे.

आणि जत्रेचं पुस्तक आलं. जत्रेत मुलगी हरवते, राक्षसिणीच्या सोंगाला घाबरते, शेवटी आई सापडते. चित्रं मी आधीच पास केलेली. ओळी चिकटवून तयार. दातार स्वतः न्यायला आलेले, उद्या छापायला घेणार. शेवटचा हात फिरवायला पानं चटईवर ठेवलेली.

माझी नजर सुटली. खाली गेली.

दोन ओळींची अदलाबदल झालेली! राक्षसिणीच्या चित्राखाली, 'हीच माझी आई!' आणि हात पसरून उभ्या असलेल्या आईच्या चित्राखाली, 'हिचे दात पाहून सगळे पळाले!'

मी म्हटलं, "ताई, एकदा नीट बघा ना."

"दहादा बघितलं गं." ताईंना ओळी पाठ, त्या वाचतच नव्हत्या. जगन चित्रंच बघायचा. दातार कडा सरळ आहेत का तेवढंच बघत होते. आणि पिशवीत घालायला त्यांनी पानं उचललीसुद्धा!

बोलले तर मी गेले. नाही बोलले तर ताईंचं पुस्तक गेलं. उभ्या ठाण्यातली पोरं आयांना राक्षसीण म्हणतील!

मी अख्खा कप चहा त्या दोन पानांवर ओतला.

"अहो बाई!" दातार किंचाळले. जगन चटईवरून उडाला, थेट बोयीसारखा. ताई माझ्यावर कधी चिडल्या नव्हत्या, त्या दिवशी चिडल्या. "चांगुणा! लक्ष कुठे आहे तुझं?"

मी खाली मान घातली. दातारांनी कुरकुरत ओल्या ओळी सोडवल्या, पुन्हा चिकटवायला म्हणून हातात घेतल्या, एक वाचली, दुसरी वाचली, आणि मटकन खाली बसले. "ताई... अहो, हे उद्या छापलं असतं की हो! देवासारख्या सांडलात, बाई!"

सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. त्या ओळींकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

*

आता शेवटचा.

पुढे दोन-तीन शुक्रवार नेहमीसारखे गेले. मग एका शुक्रवारी ताई म्हणाल्या, "चांगुणा, नवीन पुस्तक. या वेळी ओळी आधीच चिकटवल्यात. पण तुला काय त्याचं! तू चित्रं बघ आणि सांग."

चहा आला. खारी आली. जगन खिडकीत, पाठ करून. दातारही आलेले, उगाच.

मी पहिलं पान घेतलं. एक कोळीण डोक्यावर टोपली घेऊन चाललीय. नजर वर बांधली आणि म्हटलं, "ही निघाली." दुसरं पान. "ही जिना चढते." तिसरं. "मांजर मागं लागलं." चौथं. "दारात एक ताई उभी." सगळं बरोबर. पाचव्या पानावर ती कोळीण पंख्याखाली चटईवर बसलेली, बाजूला भरलेला कप. काय चित्र काढलेलं जगनने! लुगड्याचा काठ माझाच! मी बघतच राहिले. आणि बघता बघता दोर सुटला, नजर खाली गेली.

खाली लिहिलेलं, 'चांगुणा, चहा गार होतोय. आधी पिऊन घे.'

मी हात लांब केला, कप उचलला आणि प्यायले.

अर्धा घोट घशात, तेव्हा कळलं. जगन खिडकीतून वळून बघत होता.

ताई म्हणाल्या, "साखर बरोबर आहे का?"

मी कप खाली ठेवला. मग म्हटलं, "कधी कळलं, ताई?"

"चहा सांडलास तेव्हा. बारा वर्षांत तू एक थेंब सांडला नव्हतास. आणि सांडलास तो नेमका त्याच दोन ओळींवर!"

"म्हंजे आता माझं हितलं काम..."

"काम वाढलं!" ताई म्हणाल्या. "चित्रं तू बघतेसच. ओळी कोण बघणार, दातार?"

दातार म्हणाले, "मी कडा बघतो."

"पान उलट," ताई म्हणाल्या. "पुढचं मोठ्याने वाच."

मी वाचलं! बाजारच्या आवाजात वाचलं! शेजारचं दार उघडलं, कुणीतरी विचारलं, काय झालं हो? शेवटचं पान संपलं तेव्हा मला घाम आलेला, वर पंखा चालू असून!

आणि मग मला आठवलं. आता काय लपवायचं! मी वळले. "जगन, बाबा, खाली फाटकावरचा निळा बोर्ड कुनी रंगवला रे?"

जगनचा चेहरा चुन्यासारखा. "मावशी... तेव्हा आपली ओळख नव्हती हो!"

"कुठला बोर्ड?" ताई म्हणाल्या. पंचवीस वर्षं त्या इमारतीत राहत होत्या बाई! चपला घालून तशाच खाली गेल्या. वाचून वर आल्या. बसल्या. एवढंच म्हणाल्या, "जगन."

जगनने उरलेली खारी बशीत परत ठेवली.

पुढच्या शुक्रवारी मी फाटकाशी आले. फाटकाबाहेर सेक्रेटरी हात मागे बांधून, मान तिरकी करून उभे. बोर्ड तोच, खिळे तेच. पण एक अक्षर नाही. कोपऱ्यातलं जगनचं नावसुद्धा नाही. सगळ्या निळ्यावर एकच बोय, पाण्यातून अख्खी वर आलेली.

मी टोपली खाली टेकवली. जवळ जाऊन डोळा बघितला. कल्ले बघितले.

ताजी होती!